शेंदराखालचा चेहरा

माझी भाची कादंबरी लिहिते आहे, आणि तीही अद्भुताची. नायिकेला आपण कोण हे ठाऊक नाही. खाणकामगारांच्या वस्तीत ती वाढली आहे, मनगटावर जन्मखूण आहे, स्वप्नात कुणीतरी तिला भलत्याच नावानं हाक मारतं. बाराव्या प्रकरणात ती गोठलेल्या तळ्यावर ओणवते आणि बर्फात तिला स्वतःचं खरं रूप दिसतं. तिथून पुढं राज्य, युद्ध, पंखांची जनावरं, सगळं यथासांग. भाची राहते नाशिकरोडला, दिवसा नोकरी करते आणि रात्री बर्फ पाडते.

बर्फाबद्दल माझी तक्रार नाही. निफाडकडं पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेवढी थंडी कल्पनेला पुरते. अद्भुत म्हणजे पोरखेळ, असं मानायची आपल्याकडची खोडही मला नाही. मराठी कादंबरी 1857 साली ‘यमुनापर्यटना’नं सुरू झाली ती विधवांची खरीखुरी दुःखं सांगत, चारच वर्षांनी हळब्यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ आली आणि वाचक तिच्या मागं गेले. 2021 साली नाशिकला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर, विज्ञानकथा लिहिणारे. प्रकृतीमुळं ते येऊ शकले नाहीत, पण खुर्ची तर अद्भुताला मिळाली होती.

माझं भांडण आहे ते त्या बाराव्या प्रकरणाशी. भाचीच्या नादानं अशा पुष्कळ कादंबऱ्या मी वाचल्या. इंग्रजीतल्या जास्त, काही भाषांतरित. सगळ्यांत कुठं ना कुठं हे तळं येतंच. कधी आरसा असतो, कधी आजीची पेटी, कधी मरता मरता एखादा म्हातारा सांगून जातो. पोर सतरा वर्षं लाकडं फोडते, पाणी भरते, धाकट्या भावंडांना भरवते, आणि मग कळतं की हे सगळं खोटं होतं. खरी ती राजकन्या, किंवा चेटकीण, किंवा अग्नीची लेक. वाचकाला आनंद होतो. मला मात्र चुटपुट लागून राहते, की ती लाकडं फोडणारी पोरगी गेली कुठं? तिचे हात कुणाचे होते?

हे बोलून दाखवलं तर भाची म्हणते, "आत्या, तुला गोष्टीत हिशेब लागतो." लागतो. आणि त्याचं कारण वणीच्या गडावर आहे.

2022 च्या पावसाळ्यात सप्तशृंगीचं दर्शन बरेच दिवस बंद होतं. मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेप चढत गेले होते. ते काढून खालची मूळ, कड्यात कोरलेली मूर्ती मोकळी करायचं काम चाललं होतं. नवरात्रात दर्शन सुरू झालं तेव्हा नाशिक जिल्ह्यानं एक अजब गोष्ट पाहिली: आईचा चेहरा वेगळा होता. आम्हांला ठाऊक असलेली आई मोठ्या, टपोऱ्या डोळ्यांची, लालभडक, भरल्या गालांची. वरून नथ, मुकुट. आता समोर उभी होती ती रेखीव, दगडाची धार राखलेली, नाकाडोळ्यांनी नेटकी. मान मात्र तशीच किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगायचे आणि देवी ते ऐकायची, म्हणून मान कलती आहे असं गडावर सांगतात.

माझ्या सासूबाई तेव्हा चालत्याफिरत्या होत्या. त्यांनी रांगेत पुढं सरकता सरकता मूर्तीकडं बराच वेळ बघितलं, ओठांत काही मोजलं, आणि म्हणाल्या, "अठराच्या अठरा हात आहेत ना? मग झालं." मागच्या बायका हसल्या. पण खाली येताना ट्रॉलीत बसल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "मी जिला सगळं सांगत आले, ते हिनं ऐकलं असेल ना गं?"

मूर्तीशास्त्राचा अभ्यासक सांगेल की मूळ रूप हे, बाकीचं साचलेलं. बरोबरच आहे ते. दगडाची झीज थांबवायची तर लेप काढायलाच हवा होता, आणि जे उजेडात आलं ते देखणं आहे. पण सासूबाईंचे नवस, त्यांचं गेलेलं मूल, दिराशी झालेला वाटणीचा तंटा, हे सगळं ज्या चेहऱ्यानं ऐकलं तो शेंदराचा होता. तो खोटा ठरवायचा तर त्यांचं निम्मं आयुष्य भलत्याच पत्त्यावर गेलं म्हणायचं. शेंदूर बोटानं लावतात. एकेक बोट कुणाच्या तरी काळजीचं. असा चेहरा वरून चढला म्हणून कमी खरा, हे मला पटत नाही.

भाचीच्या बर्फातल्या रूपाकडं मी या नजरेनं बघते.

खरं रूप कुठलं, हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही. गोष्टच इथं घडली आहे. तपोवनात, कपिला जिथं गोदावरीला मिळते त्या बाजूला, लक्ष्मणाचं देऊळ आहे आणि शूर्पणखेचं नाक कापल्याचा प्रसंग पुतळ्यांत उभा केला आहे. बाहेरगावची मंडळी तिथं उभी राहून फोटो काढतात. गावाचं नाव त्या नाकावरून पडलं म्हणतात. नऊ टेकांवर वसलं म्हणून पडलं असंही म्हणतात, पण गाइडला नाक सोयीचं जातं. शूर्पणखेची गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली ती अशी: राक्षसीण सुंदर बाईचं सोंग घेऊन आली, रामाला भुलवू पाहिलं, सोंग उघडं पडलं, शिक्षा झाली. मोठेपणी वाल्मीकींचं अरण्यकांड वाचायला घेतलं आणि थबकले. तिथं सोंगच नाही.

वाल्मीकी तिला जशी आहे तशी आणतात. राम देखणा, ती ओबडधोबड. त्याचे केस सुंदर, तिचे तांबडे. तो तरुण, ती वयस्क. जोड्या लावून कवी थोडी मजाही करून घेतो. पण तिनं रूप पालटल्याचं सांगत नाही. राम विचारतो, तू कोण, कुणाची, इथं कशासाठी आलीस, खरं सांग. आणि ती खरं सांगते. मी शूर्पणखा. राक्षसी. हवं ते रूप घेऊ शकते. या रानात एकटी फिरते. मग भावांची नावं येतात: रावण, कुंभकर्ण, बिभीषण, खर, दूषण. आणि लगेच म्हणते, त्या सगळ्यांना ओलांडून तुझ्याकडं आले आहे.

हा क्रम बघण्यासारखा आहे. आधी स्वतःचं नाव, मग काय येतं ते, मग एकटं हिंडणं, आणि भाऊ शेवटी, तेही ओलांडण्यापुरते. पांडवलेण्यात, म्हणजे जुन्या त्रिरश्मी डोंगरावर, बायकांचेही लेख आहेत. गौतमी बलश्रीनं तिसऱ्या लेण्याच्या लेखात आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचा पराक्रम कोरवून घेतला. स्वतःबद्दल सत्य, दान, क्षमा अशा गुणांचे चार शब्द आहेत, बाकी सगळा मुलगा. दहाव्या लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या शक बाईनं आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी श्रेणींकडं ठेव ठेवल्याची नोंद आहे. तिची ओळख अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, फलाण्याची आई. पैसा तिचा, कळकळ तिची, पण ओळख तीन पुरुषांच्या आधारानं. दगडात ओळख कोरायची म्हणजे जपून शब्द टाकावे लागतात, हे मी समजू शकते. पण त्याच गावातल्या गोष्टीत एक बाई असं काही जपत नाही, त्याचं नवल वाटतं.

आणि खरं सांगितल्यावर काय होतं? राम थट्टा करतो. माझं लग्न झालं आहे, हा माझा भाऊ बघ, याला बायको नाही. लक्ष्मण म्हणतो, मी तर याचा दास, दासाची बायको होऊन काय करशील? ती बिचारी एकाकडून दुसऱ्याकडं. थट्टा तिला कळत नाही. वाल्मीकी तसं स्पष्ट लिहितात. मग ती सीतेवर धावून जाते. ते काही मी झाकणार नाही, सीतेचा यात काडीचा दोष नव्हता. पण विचारल्यावर ती सगळं खरंच बोलली होती, हेही झाकू नये.

पुढच्या कवींना हे जड गेलं असावं. कंबनानं तिला मोहक रूप दिलं, तुलसीदासांनी दिलं, आणि तेच आपल्या तोंडी बसलं. सोंग घातलं की गोष्ट सोपी होते. सुंदर ते खोटं, कुरूप ते खरं, आणि तलवार म्हणजे सत्यशोधन. उत्तरकांडातला मागचा धागाही मग गळून पडतो: कालकेयांशी लढताना रावणानं तिचाच नवरा, विद्युज्जिह्व, मारून टाकला होता आणि रडत आलेल्या बहिणीला खराबरोबर दंडकारण्यात पाठवून दिलं होतं. म्हणजे पंचवटीत आली ती भावाच्या हातून विधवा झालेली, लांब नेऊन ठेवलेली बाई. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

मी भाचीला म्हटलं, "तुझी नायिका इथं तयार आहे. बसनं ये."

ती म्हणाली, "शूर्पणखेला आपण कोण हे आधीच माहीत आहे. मग तिला शोधायचं काय राहिलं?"

बिनतोड होतं. म्हणून मी सीतेकडं वळले.

काळाराम मंदिराजवळची सीतागुंफा पाहिली नसेल असा नाशिककर विरळा. बसून, वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. खराचं सैन्य चालून आलं तेव्हा रामानं सीतेला लक्ष्मणाबरोबर डोंगरातल्या गुहेत पाठवलं, असं रामायणात आहे. ती हीच, असं पंचवटीत सांगतात. जाडजूड माणसं मध्ये अडकतात आणि मागची पोरं हसतात. वटवृक्षांना क्रमांकाच्या पाट्या लावल्या आहेत, एक ते पाच, कुणाला शंका नको म्हणून. पण इथली सगळ्यांत विलक्षण गोष्ट कुठल्याच पाटीवर नाही. अध्यात्मरामायणात, सोन्याचं हरीण येण्याच्या आधी, राम सीतेला म्हणतो की तुझी छाया या पर्णकुटीत ठेव आणि तू एक वर्ष अग्नीत अदृश्य होऊन राहा. रावणानं नेली ती छाया. तुलसीदासांनीही हेच घेतलं आहे. खरी सीता पंचवटीतच राहिली, ज्वाळेच्या आत, जिथं तिला कुणाचा हात लागणार नव्हता.

भक्तांची यामागची कळ मला समजते. आपल्या आईला रावणानं उचलून नेलं हे सोसवत नाही, म्हणून गोष्टीलाच एक चोरकप्पा केला. पण मग अशोकवनात दिवस काढले ते कुणी? रावण समोर उभा राहिल्यावर मध्ये गवताची काडी धरून त्याला सुनावलं ते कुणी? हनुमंतानं आणलेली अंगठी हातात घेतली ती कोण? सगळी छायाच. हाल तिचे, धीर तिचा, उत्तरं तिची. वर्षानंतर अग्नीतून दुसरीच, तजेलदार, काहीही न सोसलेली बाहेर येते आणि तिला खरी म्हणायचं! माझा कौल छायेला. जिनं दिवस काढले ती खरी.

भाचीच्या बाराव्या प्रकरणाचा हा मूळपुरुषच. किंवा मूळबाई.

तिला मात्र आवडलं ते अद्भुतरामायण, आणि आवडणारच. हेही वाल्मीकींच्या नावावर आहे, सत्तावीस सर्गांचं, बरंच उशिराचं. रावणवध झाला आहे, अयोध्येत ऋषी जमून रामाची स्तुती करताहेत, आणि सीता हसते. का हसलीस? तर म्हणते, दहा तोंडांचा मारला त्यात काय एवढं. पुष्करद्वीपात हजार तोंडांचा त्याचा थोरला भाऊ आहे. राम सैन्य घेऊन निघतो. तो सहस्रमुख रावण एका वायव्यास्त्रात माणसं, वानर, राक्षस सगळ्यांना फुंकरून ज्याच्या त्याच्या घरी परत धाडतो. (युद्धकथांमध्ये इतकं सभ्य अस्त्र दुसरं माझ्या पाहण्यात नाही.) राम बेशुद्ध पडतो. मग सीता पुन्हा हसते, नेहमीचं रूप टाकते, काळीकराल होते आणि एका क्षणात हजार मुंडकी उतरवते. तिच्या रोमारोमांतून मातृका निघतात आणि त्या मुंडक्यांनी चेंडू खेळतात. पृथ्वी डळमळायला लागते, तेव्हा शंकर तिच्या पायांखाली शव होऊन पडतो. राम शुद्धीवर येतो, समोर हे, आणि घाबरून विचारतो, तू कोण?

तोच प्रश्न. पंचवटीत शूर्पणखेला विचारला होता तोच. तिनं नाव सांगितलं आणि नाक गेलं. इथं सीता दिव्यदृष्टी देते आणि राम हात जोडून हजारावर नावांनी तिची स्तुती करतो. मग म्हणतो, हे रूप आवर, मला भीती वाटते. ती आवरते. दोघं पुष्पकात बसून अयोध्येला परत.

भाचीला हे सांगताना ती पलंगावर उठून बसली होती. मी मात्र त्या परतीच्या विमानात अडकले आहे. ते प्रचंड रूप आवरून शेजारी बसलेली बाई काय बोलली असेल? त्यानं पाहिलं आहे, तिला माहीत आहे की त्यानं पाहिलं आहे. अयोध्येत उतरल्यावर पूर्वीसारखी वाट सोडून ती मागं चालली असेल का? त्या ग्रंथाला या प्रश्नात रस नाही. अद्भुतरस युद्धात संपतो. विमानातलं बोलणं लिहायचं तर बाईच लेखणी घेऊन बसायला हवी.

बसल्याही. काशीबाई कानिटकर 1861 सालच्या, लग्नानंतर लिहायवाचायला शिकलेल्या. त्यांची ‘पालखीचा गोंडा’ 1928 साली पुस्तकरूपानं आली. चेटूक नाही, राक्षस नाहीत, पण अद्भुत पुरेपूर: एक संस्थान, मतिमंद संस्थानिकाशी लग्न लावून दिलेली मुलगी, आणि तिच्या हाती आलेला कारभार, ज्यात ती बायकांना कामावर, हुद्द्यावर आणते. त्या काळात याहून मोठं उडतं विमान कुणाला सुचलं नसेल. लक्षात येण्यासारखी गोष्ट म्हणजे ही नायिका मुळात राणी होती आणि ते तिला मागाहून कळलं, असं काही काशीबाई करत नाहीत. तिला फसवून गादीशेजारी बसवलं जातं आणि ती काम शिकते.

पण शूर्पणखेला न्याय दिला तो तेलुगूत, वोल्गा यांनी. ‘विमुक्त’ हा त्यांचा कथासंग्रह. 2015 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पाचही कथा एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळं वाचताना कादंबरीच वाटते. त्यातल्या एका कथेत वाल्मीकींच्या आश्रमात राहणारी सीता, मुलांकडून एका सुंदर बागेचं वर्णन ऐकून ती बाग पाहायला जाते. बाग शूर्पणखेची असते. दोघी बोलतात. नाक गेल्यानंतरची वर्षं कशी गेली ते ती सांगते: आधी सूड, मग स्वतःचा तिटकारा, मग हळूहळू माती, रोपं, फुलं यांच्यातून पुन्हा उभं राहणं. तिच्या आयुष्यात प्रेमाचा पुरुषही आहे, पण तिचं सुख त्याच्यावर टांगलेलं नाही. सौंदर्य म्हणजे काय हे तिनं नव्यानं शिकून घेतलं आहे, तेही कापल्या नाकानिशी. जुनं नाक परत येत नाही. वरदान नाही, मंत्र नाही. पंचवटीतल्या त्या दुपारी एकमेकींसमोर आलेल्या दोन बायकांना पुन्हा समोरासमोर आणून बसवायला कुणाला तरी इतकी शतकं लागली.

हे वाचल्यावर मला वाटलं, माझ्या भांडणाचा निकाल लागला. आपण कोण हे उकरून सापडत नाही; बाई ते लावते, पाणी घालते, राखते. सासूबाईंचा शेंदूर, छायासीतेचं अशोकवन, शूर्पणखेची बाग, सगळं एका माळेत बसलं. मी भाचीला घरी बोलावलं, पोटभर जेवू घातलं आणि माझं म्हणणं सविस्तर मांडलं. बाराव्या प्रकरणातलं तळं काढ, म्हटलं. पोरीला खाणीतलीच राहू दे आणि तिथूनच मोठी होऊ दे.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आमच्या घरात हे दुर्मीळ. मग हात धुऊन आली आणि म्हणाली, "आत्या, देवीला शेंदूर भक्तांनी लावला, मायेनं लावला. शूर्पणखेचं नाक कापलं ते कुणी? तिच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या हातानं झालेलं ते काम. तेही तुझ्या माळेत ओवायचं का? जे अंगावर आलं ते धरून तू खरी, असं बाईला सांगायला सोपं आहे. सगळ्यांच्या सोयीचंही आहे."

"तिनं बाग केली ना पुढं," मी म्हटलं.

"केली. पण आधी तिला कळलं की आपल्याला हसण्यावारी नेलं होतं. ते कळायला एक तळं लागतंच. माझ्या नायिकेला खाणीत कुणी आणून टाकलं, तिचं नाव कुणी बदललं, हे तिला दिसायला नको? बर्फात ती राणी बघत नाही, आत्या. फसवणूक बघते."

मी तिचं हस्तलिखित काढलं, बारावं प्रकरण उघडलं आणि तिच्यापुढं सरकवलं. "मग इथं मुकुट कशाला ठेवलायस? वर हिरेसुद्धा आहेत."

तिनं वाचलं. कपाळाला आठी घातली. माझंच पेन उचलून दोन ओळी खोडल्या.

"मुकुट काढते," ती म्हणाली. "पण बर्फ राहणार."